हौस आणि हिशेब : साडेतीनशेची रेघ

९ जून २०२५ची सकाळ ठाणे-कल्याण पट्ट्यातील कोणतेही घर सहजासहजी विसरणार नाही. मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. त्या वेळी आमचा पुतण्या डोंबिवलीच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट पाहत उभा होता. अर्धा तास त्याचा फोन लागेना. तो अर्धा तास मोठ्या वहिनींनी कसा काढला, ते घरातील आम्ही सर्वांनी पाहिले. संध्याकाळी तो परतला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "उद्यापासून गर्दीच्या वेळेची गाडी धरायची नाही."

चिरंजीव अशा एखाद्या वाक्याची दोन वर्षे वाट पाहत होते. त्याच रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाले, "काका, मग मोटारसायकल घेऊ या. साधी नको, नेकेड."

हा शब्द ऐकून वहिनींच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहता प्रथम त्याचा अर्थ सांगणे भाग आहे. शर्यतीच्या गाड्यांना वारा कापण्यासाठी चहूबाजूंनी प्लास्टिकचे आवरण असते. ते आवरण नसलेली, इंजिन आणि सांगाडा उघडा दिसणारी, जिच्यावर बऱ्यापैकी ताठ बसता येते अशी गाडी म्हणजे नेकेड. आपल्या वडिलांच्या पिढीतील राजदूत आणि येझ्दी या अर्थाने नेकेडच होत्या. फक्त तेव्हा त्यांना कोणी तसे म्हणत नव्हते. 'मध्यम वजनाची' हे विशेषणही देशागणिक बदलते. युरोपात सहाशे ते नऊशे सीसीचे इंजिन मध्यम समजतात. आपल्याकडे साडेतीनशे ते साडेचारशे सीसीची गाडी मध्यम, आणि साडेसहाशेची म्हणजे जवळजवळ हत्ती.

पुढचे तीन-चार महिने आमच्या घरात या विषयावर जे घडले, ते इतर कुटुंबांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून या महिन्याचे सदर त्याला दिले आहे. ज्यांच्या घरी वीस ते तीस वयाचा मुलगा आहे, त्यांच्या दारावर हा प्रश्न आज ना उद्या थाप मारणारच आहे.

आरंभीच एक कटू गोष्ट स्पष्ट करतो. लोकलला घाबरून मोटारसायकल घेणे हा सुरक्षिततेचा सौदा नव्हे. डब्याच्या आत उभा असलेला माणूस दुचाकीवरील माणसापेक्षा कितीतरी अधिक सुरक्षित असतो. धोका दारात आहे आणि तो ठरावीक दोन तासांत आहे. हे मी वहिनींना समजावले, तेव्हा त्यांनी सरळ विचारले, "मग तुम्ही दुकान अकराला का उघडत नाही?" प्रश्न बिनतोड होता. ठाण्याच्या दुकानात सकाळी दहाला येणारे गिऱ्हाईक किती, हे आम्ही वही उघडून पाहिले, आणि पुतण्याची ठाण्याची पाळी साडेअकराला सुरू करण्याचे ठरले. तो आता उशिराच्या गाडीने बसून जातो. म्हणजे मूळ भीतीचा निम्मा निकाल एका रुपयाचाही खर्च न करता लागला.

उरला भिवंडीचा गोदाम. आठवड्यातून तीन दिवस तेथे जावे लागते, आणि डोंबिवलीहून तेथे वेळेवर पोहोचवणारी रेल्वे नाही. दुर्गाडीच्या पुलावरून कोनगावमार्गे जायचे, वाटेत कल्याणच्या एक-दोन व्यापाऱ्यांकडे डोकवायचे, कधी मुंब्रा बायपासने ठाण्यास येऊन शिळफाटा-काटईमार्गे परतायचे. दिवसाचे सरासरी पन्नास किलोमीटर धरले, वर्षाचे दीडशे दिवस धरले, तर साडेसात हजार किलोमीटर होतात. गाडीच्या निवडीस हा आकडा आधी हाती असावा लागतो. अनेक कुटुंबे आधी गाडी पाहतात आणि मग तिच्यासाठी धाव शोधतात.

पुतण्याच्या मनातील यादीत तीन नावे होती. केटीएमची ३९० ड्यूक, ट्रायम्फची स्पीड ४००, आणि केवळ आमच्या समाधानासाठी रॉयल एनफिल्डची हंटर ३५०. पहिल्या दोन गाड्या परदेशी नावांच्या असल्या तरी पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. हे वडीलधाऱ्यांना सांगितले की त्यांचा निम्मा विरोध मावळतो, असा माझा अनुभव आहे.

तिन्ही गाड्या उसन्या मिळाल्या. स्पीड ठाण्याच्या मामेभावाच्या मुलाची, हंटर शेजाऱ्यांची, ड्यूक पुतण्याच्या मित्राची. मी स्वतः चोपन्न वर्षांचा, आयुष्यभर ल्युना, चेतक आणि ॲक्टिव्हा चालवलेला. परंतु तरुणपणी तीन वर्षे येझ्दी वापरली असल्याने क्लच हाताला अगदीच परका नव्हता. एका रविवारी पहाटे घोडबंदर रस्त्याने गायमुखपर्यंत, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी काटई नाक्यापासून मुंब्रा बायपासपर्यंत, अशा दोन्ही वाटांवर तिन्ही गाड्या फिरवल्या.

पहाटेची फेरी ड्यूकने जिंकली, यात वाद नाही. ३९९ सीसी, ४६ अश्वशक्ती, वजन १७० किलोच्या आत. मनात आले की गाडी तेथे पोहोचलेली असते. ब्रेक, वळणावरील पकड, पुढचा रंगीत पडदा, सगळे पहिल्या प्रतीचे. स्पीड ४०० तिच्यापेक्षा शांत. तिच्या ३९८ सीसीच्या इंजिनात ४० अश्वशक्ती आहे, गाडीची बांधणी पाहून जुन्या पेढीच्या पितळी तराजूची आठवण व्हावी, आणि ताशी ऐंशीला ती जणू चालत असते. हंटर या दोघींपुढे संथ वाटली. ३४९ सीसी आणि जेमतेम वीस अश्वशक्ती. वजन मात्र १८१ किलो, म्हणजे तिघींत सर्वाधिक. गायमुखच्या चढावर पुतण्याने ड्यूकवरून मागे वळून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरलेलो नाही.

संध्याकाळी चित्र पालटले. कल्याण-शिळ रस्त्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले, मधोमध ट्रेलर, कडेला रिक्षा, आणि ताशी दहा-पंधराच्या वर काटा जात नाही. अशा वेळी कमाल अश्वशक्तीचा उपयोग शून्य असतो. उपयोग असतो तो इंजिन हळू फिरत असताना किती ओढते याचा. हंटरचे इंजिन आपला पूर्ण टॉर्क, म्हणजे २७ न्यूटन मीटर, मिनिटाला चार हजार फेऱ्यांतच देते. ड्यूक आणि स्पीड दोघींचा टॉर्क दहा-बारा न्यूटन मीटरने अधिक असला तरी तो साडेसहा हजारांवर येतो. परिणाम असा की हंटर तिसऱ्या गिअरमध्ये मुकाट्याने सरकत राहते, आणि ड्यूकवर डावा हात व डावा पाय सतत कामात राहतात. शिळफाट्यापर्यंत पोहोचलो तेव्हा माझ्या डाव्या मनगटाने राजीनामा दिला होता. ड्यूक आणि स्पीड पाण्याने थंड होणाऱ्या आहेत. कोंडीत पंखा सुरू झाला की ती उष्णता मांडीशी येते, ड्यूकमध्ये अधिक, स्पीडमध्ये कमी. हंटर हवा व तेलाने थंड होते. तीही तापते, पण तिचे तापणे सोसवते.

आता हिशेबाकडे वळू. यंदा एक गोष्ट अशी घडली आहे की तिने या तीन गाड्यांमधील नातेच बदलले, आणि व्यापारी वाचकांनी ती नीट समजून घ्यावी.

२२ सप्टेंबर २०२५पासून दुचाकींवरील वस्तू व सेवा कराचे दोन भाग झाले. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यापुढील गाड्यांवर पूर्वी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर मिळून ३१ टक्के होते, ते ४० टक्के झाले. करापूर्वीची किंमत १,४०,००० धरा. पूर्वी ती गाडी १,७९,२०० रुपयांस पडत असे, आता १,६५,२०० रुपयांस. चौदा हजारांची बचत. करापूर्वीची किंमत २,००,००० धरा. पूर्वी २,६२,०००, आता २,८०,०००. अठरा हजारांचा वाढीव भार. काही उत्पादकांनी हा वाढीव भार काही काळ स्वतः सोसला, परंतु दुसऱ्याच्या औदार्यावर पाच वर्षांचा बेत आखू नये. शिवाय आपला राज्याचा एकरकमी वाहनकर किमतीच्या टक्क्यांत असल्यामुळे किंमत चढली की तोही चढतो.

विम्यातही तीच रेघ आहे. तृतीय पक्ष विम्याचे २०२२ साली ठरलेले दर पाहा : नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा एकत्रित हप्ता १५० ते ३५० सीसीपर्यंत ७,३६५ रुपये, आणि ३५०च्या पुढे १५,११७ रुपये. म्हणजे हंटरचे ३४९ सीसी आणि ड्यूकचे ३९९ सीसी यांत पन्नास सीसीचे अंतर असले, तरी सरकारच्या वहीत ती दोन वेगळ्या पानांवरची खाती आहेत.

येथे काही बंधूंच्या मनात एक विचार येईल, कारण माझ्याही मनात आला होता : गाडी पेढीच्या नावावर घेऊन कराचे क्रेडिट घ्यावे. ते मिळत नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५)ने माणसांच्या वाहतुकीसाठी घेतलेल्या अशा वाहनांवरील क्रेडिट रोखलेले आहे. मोटारसायकल त्यातच येते. आयकरात १५ टक्के घसारा मिळतो, पण गाडी घरच्या कामालाही वापरली जात असेल तर तेवढा भाग वगळावा लागतो. आपल्या सनदी लेखापालांना विचारून मगच नाव ठरवावे.

आमच्या हाती आलेल्या कोटेशनांप्रमाणे हंटर आणि स्पीड यांच्या रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीत लाखाच्या आसपास अंतर निघाले. ड्यूक त्याहूनही वर. इंधनाचे गणित असे : हंटर लिटरला ३५ किलोमीटर आणि स्पीड २८ धरली, पेट्रोल १०४ रुपये धरले, तर साडेसात हजार किलोमीटरला वर्षाकाठी चोपन्न लिटरांचा, म्हणजे सुमारे ५,६०० रुपयांचा फरक पडतो. पाच वर्षांत अठ्ठावीस हजार. एकूण सव्वा लाखाच्या वर गेले. साठ महिन्यांनी भागले तर महिना एकवीसशे रुपये. ड्यूकचा आणि स्पीडचा मागचा रुंद रेडियल टायरही बदलताना महाग पडतो. विकताना स्पीडची रक्कम अधिक येईल, हे खरे. पण पाच वर्षांनंतरचा बाजार कोणी पाहिला आहे?

स्पीडच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. पहिली सर्व्हिस झाल्यावर तिच्या दोन सर्व्हिसमधील अंतर १६,००० किलोमीटर किंवा एक वर्ष आहे. जो माणूस रोज डोंबिवली ते ठाणे आणि परत असा वर्षाला पंधरा-सोळा हजार किलोमीटर फिरतो, त्याला हे फार सोयीचे आहे. आमची धाव साडेसात हजारच असल्याने आम्हाला वर्षातून एकदा जावे लागणारच, म्हणून तो फायदा आमच्यापुरता निम्मा झाला.

गाडीमागे कोण उभे आहे, हेही पाहावे. उधारी देताना आपण फक्त माणूस पाहत नाही, त्याची पेढी पाहतो. महाराष्ट्राने या बाबतीत एक धडा जवळून पाहिला आहे. दहा वर्षांपूर्वी पुण्याच्या डीएसके समूहाने बेनेलीच्या देखण्या नेकेड गाड्या, तीनशे आणि सहाशे सीसीच्या, आपल्याकडे आणल्या. साताऱ्याजवळ वाई येथे त्यांची जुळणी होत असे. पुढे समूह आर्थिक अडचणीत आला आणि २०१८मध्ये बेनेलीचा कारभार हैदराबादच्या महावीर समूहाकडे गेला. मधल्या काळात गाडी बाळगणाऱ्यांची सुट्या भागांसाठी झालेली परवड मी एका परिचिताकडे पाहिली आहे. चार सिलिंडरची गाडी त्याच्या इमारतीखाली आच्छादन पांघरून सात महिने उभी होती. केटीएमची ऑस्ट्रियातील मूळ कंपनीही नोव्हेंबर २०२४मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती; पुढील वर्षी बजाजने भांडवल ओतून तिला सावरले. आपल्याकडील ड्यूक चाकणलाच बनत असल्याने येथील ग्राहकाला तितके घाबरण्याचे कारण नाही. तरीही कोटेशन मागताना मी तिन्ही शोरूममध्ये एकच प्रश्न विचारला : क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड आज दुकानात आहेत का? उत्तर देताना विक्रेता संगणक पाहतो की छताकडे, एवढे लक्षात ठेवावे.

शोरूमवरून आठवले. एका ठिकाणी कोटेशनात 'हाताळणी शुल्क' म्हणून अडीच हजार रुपये होते. हे कसले, असे विचारल्यावर तरुण विक्रेत्याने हसून ती ओळ खोडली. विमाही त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असे नाही. रोज दहा-वीस पैशांसाठी मीटरमागे भाव करणारे आपण, मुलाच्या गाडीच्या वेळी का कोण जाणे, गप्प बसतो.

याहून मोठ्या गाड्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण पुतण्याने मध्येच एकदा तोही फासा टाकून पाहिला. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० सुंदर आहे, तिचे दोन सिलिंडरचे इंजिन गोड आहे. पण दोनशे किलोंहून जड गाडी डोंबिवलीतील जुन्या इमारतीच्या खांबांमधून रोज मागे ढकलत काढणे ही शिक्षा आहे. कावासाकी झेड ६५० आणि ट्रायम्फ ट्रायडेंट ६६० या तर लाखांच्या वेगळ्याच घरात. पुणे-नाशिक-गोवा असे वारंवार फिरणाऱ्यास त्या शोभतील. पत्रीपुलाजवळच्या कोंडीत ऐंशी अश्वशक्तीचे काय करायचे?

उरला स्वभावाचा प्रश्न, आणि तो मी आकड्यांच्या आड लपवणार नाही. स्पीड ४०० ही या तिघींत सर्वांगाने चांगली गाडी आहे. तिला चाक घसरू न देणारी यंत्रणा आहे, तिचे सस्पेन्शन सरस आहे. हंटरचे मागचे सस्पेन्शन खड्ड्यांत कडक लागते. २०२५च्या सुधारित आवृत्तीत ते बरे झाले आहे, पण बरेच. वेगाने जाणाऱ्या ट्रकच्या पुढे निघताना अधिक शक्ती हीदेखील एक सुरक्षा असते, हा पुतण्याचा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु परतीच्या पावसात दुर्गाडीकडून येताना पेव्हर ब्लॉकवर ड्यूकचे मागचे चाक पाणी कापत बाजूला सरकले, एबीएसने आणि दैवाने सावरले. तेव्हा तो मागे बसलेल्या माझ्याशी दहा मिनिटे एक शब्द बोलला नाही. त्या रात्री त्याने स्वतःच यादीतून ड्यूक काढली. मी काही सुचवले नव्हते.

आमच्या घरांत एक वेगळी घाईही असते, तिच्याविषयी लिहिलेच पाहिजे. चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून मुले साडेपाचला गोदामातून निघतात आणि नेमक्या ट्रकच्या गर्दीत घड्याळ पाहत गाडी हाकतात. वहिनींनी यावर उपाय केला. भिवंडीच्या तीन दिवसांत डबा सोबत जातो, पुतण्या पाच वाजता गोदामातच जेवतो आणि मग निवांत निघतो. सव्वा लाखाच्या हिशेबापेक्षा मला हा डबा अधिक मोलाचा वाटला.

दुसरा प्रश्न सुरक्षा साहित्याचा. दुकानदार प्रथम चामड्याचे जाकीट आणि चामड्याचे हातमोजे पुढे करतात. ते घेण्याची आवश्यकता नाही. जाड विणीच्या नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या जाळीदार कापडाची जाकिटे मिळतात. कोपर, खांदे आणि पाठ यांच्या ठिकाणी त्यांत संरक्षक पट्ट्या असतात, आणि आपल्या उकाड्यात ती चामड्यापेक्षा बरीच सुसह्य असतात. हातमोजे घेताना तळव्याकडची बाजू उलटून पाहावी, कारण वरून कापडी दिसणाऱ्या मोज्यांच्या तळव्याला पुष्कळदा चामडे असते. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, हनुवटी झाकणारे, आणि दोन. मागे बसणाऱ्याचे डोके कमी मौल्यवान नसते.

शेवटचा निर्णय मागच्या सीटने केला. वहिनी साडी नेसून एका बाजूला बसतात. ड्यूकची मागची सीट उंच आणि चिंचोळी, म्हणून ती आधीच बाद होती. स्पीडवर बसता येते, पण धरायला मनाजोगे काही सापडेना. हंटरवर त्या बसल्या, साडीगार्ड आणि पायटेकण पाहिले, एकदा उतरल्या, पुन्हा बसल्या. नंतर पुतण्याला विचारले, "महिना एकवीसशे रुपये जास्त देऊन तुला त्या दुसऱ्या गाडीत काय मिळते?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आई, खरे सांगू? रविवार मिळतो." उत्तर प्रामाणिक होते. ज्या घरात रविवारी माळशेजपर्यंत जाऊन येणारा मुलगा आहे आणि धावही मोठी आहे, त्या घराने स्पीडच घ्यावी, असे मी निःसंकोच सांगेन. आमच्या पुतण्याचे रविवार दोन वर्षे तरी दुकानाच्या नव्या शाखेत जाणार आहेत.

हंटर घेतली, कल्याणच्या क्रमांकाची. पुतण्याने पहिल्या दिवसापासून पेट्रोल, हवा आणि साखळीला तेल यांची वही ठेवली आहे. पाचशे किलोमीटरला साखळी साफ करतो. अंतर राखून पाहतो म्हणून त्याचे काका झोप नीट घेतात. पहिल्या रविवारी वहिनी त्याच्यामागे बसून टेंभी नाक्याच्या श्री मुनिसुव्रत स्वामींच्या देरासरात दर्शनास गेल्या. परतल्यावर आम्ही सगळे दारात उभे होतो. त्या उतरल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "सीट बरी आहे. हेल्मेटचा पट्टा कानाला लागतो, एक माप मोठे आणा." संध्याकाळी बदलून आणले.